सत्काराचा नारळ

७ जानेवारी, मंगळवार

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. माझं लग्न ठरलंय आणि मला ते आज कळलंय.

हे वाक्य मी आधी रफ वहीत लिहून पाहिलं. खोटं वाटतं ना? मलाही वाटतं. सकाळी मी फाट्यावर शाळेच्या निळ्या बसची वाट पाहत उभी होते. पिंकीची आई डोक्यावर कोथिंबिरीची, सांबाराची पाटी घेऊन आली नि म्हणाली, "काय वं वैभवी, साक्षगंध कधी हाय? आमाले सांगजा बरं. नाही तं तुह्या रुचिकाताईसारखं गुपचूप उरकान." माझा साखरपुडा? ही दुसऱ्या कुणाशी बोलते आहे का म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे फाट्यावरचं नेहमीचं कुत्रं होतं, बाकी कोणी नव्हतं.

बस आली, पोरी चढल्या, आणि मी उलटी घराकडे पळत सुटले. आई वांग्याच्या वाफ्यात होती. मी ओरडूनच विचारलं. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "तूच तं नारळ घेतला बाई ओटीत. हासून घेतला."

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. बाबांनी घरच्या फोनमध्ये तुझा नंबर बंद करून ठेवलाय हे खरं, पण पोस्टाची पेटी काही त्यांनी बंद केली नव्हती. मी रागावले होते. तू नागपूरला नर्सिंगला गेलीस, सेवादास जिजाजींशी लग्न केलंस, आणि इथे सगळे म्हणाले की बबनरावची पोरगी तांड्यातल्या पोराबरोबर पळाली. मी एकटीच "गेली" म्हणत होते, "पळाली" नाही. पण राग आला तो आलाच. तुझा पत्ता पिंकीच्या आत्येबहिणीकडून आणला. ती तुझ्याच दवाखान्यात आहे म्हणे.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. मलाच ते एकदा लावून पाहायचंय.

मी अकरावी सायन्सला आहे, कामरगावला. आमच्या वर्गात दर शनिवारी पोरी झाडतात. पोरं काय करतात? वर्षातून दोनदा खुर्च्या उचलतात, तेही कुणी साहेब येणार असेल तर. दिवाळीनंतर मी उभी राहून म्हटलं की आम्ही झाडणार नाही. सर म्हणाले, "वैभवी, स्वच्छता हा तर मुलींचा अलंकार आहे." मी म्हटलं, "सर, मग या शनिवारी थोडा अलंकार पोरांनाही घालू द्या." वर्ग हसला, सर चिडले, आणि वर्ग झाडल्याशिवाय राहिला. बाकांवर बोटांनी नावं लिहिता येतील एवढी धूळ साचली. मग एका सकाळी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि झाडायला लागला. पवन. पलीकडच्या गावचा, आपल्यातलाच. पोरांनी त्याला "पवनबाई" करून टाकलं. त्यानं उत्तर दिलं नाही, एकेक बाक सरकवून खालचं झाडलं.

ताई, मला तो तेव्हाच आवडला. तुझ्यापासून लपवून काय करू, तू नागपूरला आहेस. आमच्यात काही म्हणजे काही नाही. मानव विकासची ती निळी बस फक्त पोरींची, त्यामुळे तो सायकलवर. सुटल्यावर तो पुलापर्यंत बसच्या बाजूनं सायकल मारतो. आमचा ड्रायव्हर मुद्दाम जोरात चालवतो, तो मुद्दाम उभा राहून पायडल मारतो. एकदा त्यानं खिडकीतून पेरू दिला. मी तो खाल्ला नाही, सुकेपर्यंत दप्तरात ठेवला. एवढंच. पण हे एवढंच मला फार होतं.

तीन जानेवारीला बालिका दिन. मी भाषण केलं, झाडूवरच. मॅडमनी दिलेला विषय 'मुलींचे शिक्षण: काल आणि आज' होता. काल आणि आज दोन्ही वेळी झाडू कुणाच्या हातात आहे ते पाहा, असं मी म्हटलं. टाळ्या पडल्या. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांना शाल-नारळ, अध्यक्षांना शाल-नारळ, उपाध्यक्षांना, सदस्यांना, माजी सदस्यांना, आणि माइक दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा. माझं नाव पुकारलं तोवर टेबल रिकामं. मुख्याध्यापक सर माइकवर म्हणाले, "वैभवीचा सत्कार आपण तिच्या घरी जाऊन, आईवडिलांच्या उपस्थितीत करू." पुन्हा टाळ्या.

म्हणून रविवारी दुपारी आपल्या दारात बोलेरो थांबली आणि नारळ, ड्रेसचं कापड घेऊन माणसं उतरली तेव्हा मला काय वाटलं असेल, तूच सांग. बरोबर भिवाजी मामा होता. तो सगळीकडेच असतो, त्याचं नवल वाटलं नाही. सकाळीच आईनं मला तोंड धुऊन पिवळा ड्रेस घालायला लावला होता. मला वाटलं, आईलाही माझ्या सत्काराचं किती आहे!

मी पोहे नेले. मोठं कुंकू लावलेल्या एका बाईंनी नाव विचारलं, वर्ग विचारला, स्वयंपाक येतो का विचारलं. माझं भाषण झाडूवर होतं म्हणून त्या मुद्दाम छेडताहेत असं वाटून मी म्हटलं, "येतो. पण घरातल्या पोरांनाही यायला पाहिजे." सगळे खो खो हसले. बाई म्हणाल्या, "पाय बाप्पा, कशी बोलते! कर बरं तुवं ते भाषण, मले पुरं आयकू दे." मी अख्खं भाषण केलं. टाळ्या. बाईंनी मला कुंकू लावलं, कापड-नारळ ओटीत घातला. मी सगळ्यांच्या पाया पडले. पांढऱ्या शर्टातला एक जण बाहेर बोलेरोला टेकून उभा होता. तो ड्रायव्हर असेल असं समजून मी त्याला अंगणातच कप दिला आणि म्हटलं, "घ्या काका, चहा."

ताई, तो नवरदेव होता. गोपाल नाव. त्या कुंकूवाल्या बाई, सोजरबाई, त्याची आई. आणि पवनची आई.

हो. त्याच पवनची. गोपाल त्याचा मोठा भाऊ.

आणि तो नारळ मी सोमवारी बसमध्ये फोडून सगळ्या पोरींना वाटला, उरला तो वर्गात. पिंकीनं दोनदा घेतला. मी बाबांशी उद्या बोलणार आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर, मराठीच्या मॅडमच्या नावानं पाठव.

वैभवी


११ जानेवारी, शनिवार

ताई,

तुझं पत्र आलं नाही. एवढ्यात येणारही नाही, मला कळतं, पण रोज मॅडमकडे पाहून येते.

बाबांशी बोलले. ते विहिरीवर मेथीच्या जुड्या धूत होते, बाजाराची घाई होती. मी म्हटलं, बाबा, मला तो शाळेचा सत्कार वाटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कितीतरी दिवसांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाले, "मंग समज ना, सत्कारच हाय."

मी म्हटलं, मला विचारलं का नाही?

"रुचिकाले इचारलं होतं. काय झालं?"

तुझं नाव त्यांच्या तोंडून दोन वर्षांनी ऐकलं, तेही असं. पुढे त्यांनी सगळं सांगून टाकलं, बाजाराची यादी सांगावी तसं. साक्षगंध झालं की मी घरी बसायचं. "ठरलेली पोट्टी बसमंदी हिंडलेली बरी दिसत नाही." लग्न मला अठरा पूर्ण झाल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात. बारावीचा फॉर्म बाहेरून भरायचा. अकोल्याला कृषीला जायचं जे मी आठवीपासून बोलतेय, त्याबद्दल ते म्हणाले, "वावरच शिकाचं हाय ना? त्यायच्याकडं आपल्यापेक्षा जास्त हाय." चूक तरी कशी काढू ताई, त्यांना वाटतं त्यांनी माझं भलं केलं. आजकाल वावरातल्या पोरांना कोणी पोरगी देत नाही, म्हणून मुलाकडचे नमून वागतात, हुंडा नाही, काही नाही. पोरगी सुखात पडते आहे असं त्यांना मनापासून वाटतं.

मला वाटलं, एकच माणूस हे थांबवू शकतो. त्यानं घरी फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

काल मधल्या सुट्टीत मी पवनला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. सगळे पाहत होते, पाहू दे म्हटलं.

"तुले माहीत होतं?"

"रविवारी सकाळी कळलं. गाडीत बसून राह्यले होते तवा."

"मंग सोमवारी सांगतलं काहून नाही? वर्गात होता ना तू. मी नारळ वाटून राह्यली होती तवा तूनंबी खाल्ला."

तो खाली पाहत होता. म्हणाला, "मले वाटलं तुले पसंत हाय. आई म्हणे, पोरगी हासत हासत पाया पडली."

मग कळलं ते असं. माझं भाषण त्यानं फोनवर घेतलं होतं. घरी आईला दाखवलं. वर सांगितलं की ही पोरगी पहाटे उठून भाजीच्या जुड्या बांधते, मग बसला येते, आणि वर्गात पहिली असते. कौतुकानं सांगितलं. इतकं सांगितलं की त्याच्या आईनं फोन हातात घेऊन गोपालला हाक मारली. दोन-तीन वर्षं पोरगी पाहून राहिले होते ते लोक. घरबसल्या सापडली.

मी म्हटलं, "घरी एवढंच सांग, का तिले सत्कार वाटला. बाकी काही सांगू नको."

"हासतीन मले."

"वर्गात हासले तवा तं झाडू नाही सोडला तू."

"वर्ग येगळा. घर येगळं."

मग मी ते विचारलं, जे आम्ही कधीच बोललो नव्हतो. तोंडातून निघूनच गेलं. "मंग आपलं काय?"

ताई, तो लाजला. खरंच लाजला, कान लाल झाले. आणि इतक्या प्रेमानं म्हणाला की मी अजून ते ऐकते आहे. "एका परीनं चांगलंच हाय ना वैभवी. तू आमच्याच घरी येशीन. मले रोज दिसशीन. दादा सभावानं लय चांगला हाय, तो काही तुले मारन-बिरन नाही."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. चेष्टा करतोय का, म्हणून. नव्हता करत. त्यानं विचार करून ठेवला होता, आणि त्या विचारात तो सुखी होता. घंटा झाली. तो म्हणाला, "काहून बोलून नाही राह्यली?"

हे तो मला विचारत होता. मी, वक्तृत्वात पहिली! पाणी प्यायचं होतं, नळ सोडला आणि नुसती पाहत राहिले, बाही भिजली. बाबांनी न विचारता ठरवलं त्याचा मला राग आला. आईनं लपवलं त्याचं वाईट वाटलं. पण हे काय होतं? हे जो बोलला त्याचा पेरू मी दप्तरात ठेवला होता.

तू काहीतरी कर. बाबांना फोन कर, दुसऱ्या नंबरवरून कर. तू शाळेत असताना ग्रामसभेत उभं राहून पोरींच्या संडासाबद्दल बोलली होतीस. मी तेव्हा लहान होते, बाबांच्या खांद्यावर बसून तुला पाहत होते. ते तेव्हा मान ताठ करून सगळ्यांना सांगत होते, ही माझी पोरगी. तुझं ते ऐकतील.

वैभवी


२२ जानेवारी, बुधवार

रुचिका,

ताई लिहायला हात होत नाही.

मॅडमनी तुझं पत्र दिलं तेव्हा मी ते दप्तरात घालून दिवसभर बसले, बसमध्ये फोडलं. वाटलं, आता सुटले. पहिल्या ओळीत तू लिहिलंस, "हो म्हण." मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. अक्षर तुझंच.

"मी चौकशी केली, माणसं चांगली आहेत. मुलगा निर्व्यसनी आहे. शिक्षण लग्नानंतरही होतं. तू माझ्यासारखा वेडेपणा करू नको." हे तू लिहिलंस? वेडेपणा? तुझ्या त्या वेडेपणाच्या भरवशावर मी वर्गात उभी राहिले होते गं.

मग पुढचं पान वाचलं. तुला सातवा महिना आहे. मला माहीतच नव्हतं, मी मावशी होणार आहे हे मला बसच्या खिडकीशी असं कळलं. आणि बाबांनीच तुला फोन केला होता. वैभवीचं साक्षगंध नीट पार पडलं तर पहिल्या बाळंतपणाला माहेरी ये म्हणाले. पार नाही पडलं, तर त्यांना पोरीच नाहीत.

तू लिहिलंस, "मला रात्री भीती वाटते. दवाखान्यात रोज दुसऱ्यांची बाळंतपणं पाहते, तरी वाटते. मला आई पाहिजे." ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मी तुला शिव्या देणार होते. चांगल्या निवडून ठेवल्या होत्या. पण ही ओळ वाचली की एकही देता येत नाही, म्हणून तुझा आणखी राग येतो.

बाबा किती हुशार निघाले, पाहिलंस? मला वाटायचं ते फक्त चिडके आहेत. त्यांनी तुझ्या माहेराची दोरी माझ्या गळ्यात बांधली. मी नाही म्हटलं तर तुझं बाळ आजीशिवाय. मी हो म्हटलं तर मी सोजरबाईंच्या घरात भाकरी थापणार, आणि समोर पवन ताट घेऊन बसणार. वहिनी म्हणेल मला.

आईला तुझ्या दिवसांचं माहीत आहे का? बाबांनी सांगितलं नसेल. मी आज सांगितलं. ती चुलीपुढे होती. भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मीच उलटली.

दोन फेब्रुवारीला रविवारी ते लोक तारीख पक्की करायला येणार आहेत. मला काय करायचं ते अजून कळत नाही. तुला हवं ते उत्तर मी देईन असं समजू नको. देणार नाही असंही समजू नको.

वैभवी


३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

काल जे झालं ते लिहिते. झालंच तसं, मी वाढवत नाही. वाढवायला जागाच नाही.

गणपतीच्या मंडळाच्या खुर्च्या आणून अंगणात मांडल्या होत्या. पुरुष खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. त्यांच्याकडची बरीच माणसं होती, पवनचे मोठे बाबा, त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ, पण होते. भिवाजी मामा मध्ये बसून दोन्हीकडच्यांना पान देत होता. पवन पाणी वाटत होता. माझ्याजवळ आला तेव्हा ग्लास देताना हसला, ओळखीचं. मी ग्लास घेतला नाही. मला त्यांनीच दिलेल्या कापडाचा ड्रेस घातला होता.

दोन्हीकडची माणसं आपसात बोलत होती. हॉल घ्यायचा की अंगणातच करायचं, जेवणात काय, कोणती तारीख बाजाराच्या आड येत नाही. माझ्याकडे कोणी पाहतही नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की कोणीतरी मला विचारेल, "काय बाई, पसंत हाय ना?" आणि मी तेव्हा नाही म्हणेन. तेवढं तरी विचारतातच, नावापुरतं. विचारलंच नाही. मी नारळ घेतला होता ना.

मग सोजरबाई म्हणाल्या, "ते भाषण करून दाखव वं बाई. मोठे बाबा आले हायत, त्यायनं नाही आयकलं. लय गोड बोलते पोरगी." बाबांनी मान हलवली. "कर."

मी उठले. सवयीनं तोंडातून निघालं, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग..." आणि सगळे खूश. मोठ्या बाबांना वाटलं अध्यक्ष म्हणजे तेच, त्यांनी टोपी नीट केली. मी झाडूचं बोलले, काल आणि आजचं बोलले. आणि शेवटाला आले तेव्हा थांबले नाही. त्याच आवाजात, हात तसाच वर करून म्हटलं, "आणि म्हणून मी, वैभवी बबनराव, आपणा सर्वांसमोर सांगते की मला हे लग्न मान्य नाही. साक्षगंध करू नये. मला बारावी करून अकोल्याला कृषीला जायचे आहे. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद, जय महाराष्ट्र."

ताई, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांनी. खुर्च्यांवरच्यांनी, सतरंजीवरच्यांनी. मोठे बाबा म्हणाले, "वा, पोरगी नाव काढन." सोजरबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. भिवाजी मामानं सुपारी पुढे सरकवली. बाबांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या गं. मी इतक्या स्पष्ट शब्दांत, खणखणीत आवाजात नाही म्हटलं होतं आणि त्यांना भाषण आवडलं.

मी तिथेच उभी. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, नुसता टाळ्यांचा आवाज. आतापर्यंत मी शाळेत जेवढं बोलले, त्यालाही अशाच टाळ्या पडल्या होत्या का? खरंच कोणी ऐकलं होतं का कधी?

मग मी हात खाली घेतला. घरातल्या आवाजात म्हटलं, "भाषण नाही करून राह्यली मी. मी नाही म्हणून राह्यली."

गोपालनं कप खाली ठेवला. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुले कोनी इचारलं नव्हतं काय?"

"नाही. त्या दिवशी मले शाळेचा सत्कार वाटला. तुमाले मी ड्रायव्हर समजली."

सतरंजीवरून कोणीतरी फिसकन हसलं. गोपालचं तोंड उतरलं. त्यानं पवनकडे पाहिलं. "तू तं म्हणे, ती तयार हाय." पवन तांब्या धरून उभा होता. एक शब्द, ताई. एक शब्द बोलला असता तर मी त्याला सगळं माफ केलं असतं. तो तांब्यातच पाहत राहिला. गोपाल उठला. "दोनदा आनलं मले इथं. दोन्हीदा पोरीले माहीत नाही. चाला." मला त्याचं वाईट वाटलं. त्यालाही फोनवरचा व्हिडिओ दाखवूनच आणलं होतं.

बाबा हात जोडून पुढे झाले. मला वाटलं होतं ते मला मारतील. मारलं असतं तर बरं, असं झालं मला. ते त्या लोकांसमोर वाकले. "पोरगी हाय, तिले कळत नाही. मी समजावतो. सुपारी राहू द्या."

तेव्हा दारातून आई बोलली. चार माणसांत बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, तिचा आवाज फाटला. "तिनं दोनदा सांगतलं. तुमाले आयकू येत नाही काय?"

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं, कोणी अनोळखी बाई घरात शिरली असावी तसं.

ते लोक गेले. बाबा संध्याकाळी एवढंच म्हणाले, "रुचिकाले कळव. इथं येऊ नको म्हणा." म्हणून कळवते. तुझं माहेर मी घालवलं. मी माफी मागत नाही, कारण मागितली तर ती खोटी होईल. मला आनंद झालेला नाही. मी फक्त हादरले आहे, आणि आज बसमध्ये बसून शाळेत गेले आहे. पवन सायकलवर आला नाही. मी पुलापर्यंत खिडकीतून पाहत होते. सांगायला लाज वाटते, पण पाहत होते.

वैभवी


६ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

हे पत्र घाईत आहे, आजच्या टपालात गेलं पाहिजे.

काल आम्ही सांबाराच्या जुड्या बांधत होतो. आई एकदम म्हणाली, "पत्ता दे तिचा." मी म्हटलं, कोणाचा? "तुह्या बहिणीचा. बाळंतीन येऊ शकत नसन, तं मी जातो."

तिनं रात्रीपर्यंत थांबून, बाबा जेवायला बसल्यावर, त्यांच्या तोंडावर सांगितलं. बाबा म्हणाले, गेलीस तर परत येऊ नको. आई म्हणाली, "बाळ दोन महिन्याचं झालं का येतो." बाबांनी विचारलं, इथे भाकरी कोण करील? आईनं ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "तुमी अन् वैभवी पाहून घ्या. तिची परीक्षा हाय, तिले जास्त सांगू नका." बाबा ताटावरून उठले नाहीत. जेवले. मला ते सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं.

ती सोमवारी कारंज्याहून नागपूरच्या बसनं येते आहे. एकटी. आपल्या आईनं आजवर एकटीनं कामरगावच्या पुढे प्रवास केलेला नाही, हे तुला माहीत आहे. डिंकाचे लाडू घेतलेत, तुझं जुनं स्वेटर उसवून बाळाची टोपी विणायला घेतली आहे, आणि आतापासून घाबरली आहे. नागपूरचं स्टँड मोठं आहे म्हणे. तू पोटाचं ओझं घेऊन येऊ नको, जिजाजींना पाठव. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांना सांग, हिरव्या लुगड्याची एक बाई पिशवी छातीशी धरून उतरेल आणि कोणालाही काही विचारणार नाही. त्यांनीच पुढे होऊन तिला "आई" म्हणावं.

वैभवी